पुणे, अमळनेर, जळगाव : कादंबरीकाराची संमेलनवारी

बुधवार, ३१ जानेवारी २०२४ : पुणे

अमळनेरचं ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २, ३ आणि ४ फेब्रुवारीला, म्हणजे शुक्रवार ते रविवार. बरेच लेखक गुरुवारी रात्री निघतात आणि रविवारी दुपारी परतीची गाडी धरतात. कादंबरीकाराने तसं करू नये. बुधवारी रात्री निघावं आणि परतीचं तिकीट मंगळवार रात्रीचं काढावं. गुरुवार पुस्तकं मांडायला आणि गाव पाहायला मिळतो, सोमवार-मंगळवार मित्रांना. संमेलनाच्या तीन दिवसांत कुणाशीच धड बोलणं होत नाही. भेटी होतात त्या चहाच्या टेबलापाशी, उभ्याउभ्या, अर्धं लक्ष पुढच्या परिसंवादाकडे ठेवून. ज्यांच्या घरी बसून बोलायचं आहे त्यांना संमेलनाच्या अलीकडचे-पलीकडचे दिवस आधीच सांगून ठेवावेत.

निमंत्रणपत्र आलं की उत्तरात पाच गोष्टी लेखी विचारून घ्यायच्या : परिसंवादाचा विषय, दिवस-वेळ-मंडप, बोलायला किती मिनिटं, प्रवासखर्च कुठल्या वर्गाचा, आणि मुक्काम कुठे. मुक्काम मित्राकडे असेल तर तसं कळवून टाकावं, एक खोली दुसऱ्या कुणाला मिळते. प्रवासखर्चाच्या अर्जाला तिकिटाची छापील प्रत, बँक खात्याचा तपशील आणि रद्द केलेला धनादेश लागतो. हे सगळं एका पाकिटात घालून बरोबर घ्यायचं, कारण अर्ज शेवटच्या दिवशी मांडवातच भरून दिला तर निकालात निघतो. घरी येऊन पाठवू म्हणणाऱ्यांचे अर्ज महिनोन्महिने फिरत राहतात. नोकरी करणाऱ्यांनी उपस्थितीचं प्रमाणपत्रही तिथेच मागून घ्यावं.

पुण्याहून अमळनेरला दोन रेल्वेमार्ग पडतात. एक मनमाड, चाळीसगाव, जळगाव असा, आणि जळगावला गाडी बदलून सुरतेच्या मार्गावर साधारण ५५ किलोमीटर. दुसरा मुंबई-सुरत-नंदुरबार असा लांबचा. पुस्तकांची खोकी असतील तर पहिलाच बरा, खोकी एकदाच उतरवावी-चढवावी लागतात. कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस रात्री पुण्यातून निघते आणि मनमाड, चाळीसगाव, पाचोरा करत सकाळी जळगावला सोडते. आरक्षण तेव्हा १२० दिवस आधी उघडायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली, तेव्हा पुढच्या संमेलनांचा हिशेब त्यावर करावा. राहिलंच तर तत्काळ : आदल्या दिवशी वातानुकूलित डब्यासाठी सकाळी १० वाजता, शयनयानासाठी ११ वाजता.

आता पुस्तकं. तीनशे पानांची, डेमी आकाराची, साध्या बांधणीची कादंबरी पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरते. पंचवीस प्रतींचं खोकं साडेनऊ किलो होतं, आणि एका माणसाने जिना चढून न्यायला तेवढंच वजन योग्य. पन्नास प्रतींचं एकच मोठं खोकं केलं तर ते हमालाशिवाय हलत नाही आणि तळ फाटतो. पंचवीस प्रतींची दोन खोकी आणि कपड्यांची बॅग मिळून तीस किलोच्या आत राहतं. शयनयान आणि वातानुकूलित तीनटायरला ४० किलोपर्यंत सामान मोफत नेता येतं, त्यामुळे वेगळी पावती लागत नाही. खोकं भरताना तळाला जाड प्लास्टिक अंथरायचं, पुस्तकं आडवी ठेवायची आणि दर पाच प्रतींनंतर कण्याची बाजू बदलायची. डिंकामुळे कण्याकडची कड जाड असते. सगळे कणे एकाच बाजूला आले की चळत कलते आणि वरच्या प्रतींची मुखपृष्ठं दुमडतात. दुमडलेली प्रत वाचक उचलतो, बघतो आणि खालची मागतो.

वाचनाचा उतारा पुण्यातच तयार हवा. मंचावर सावकाश वाचलं तर मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द होतात. दहा मिनिटं दिली असतील तर हजार शब्दांच्या पुढे जायचं नाही. त्याच उताऱ्याची सहा मिनिटांची आणि तीन मिनिटांची आवृत्तीही करून ठेवायची, कारण तिचीच गरज पडण्याचा संभव जास्त. उतारा निवडताना दोनच पात्रं बोलत असलेला निवडावा. चार पात्रं असली की ऐकणाऱ्याला कोण बोलतंय ते कळेनासं होतं. निसर्गवर्णनाने सुरू होणारा भाग टाळावा आणि शेवटचं प्रकरण तर अजिबात वाचू नये. सोळा पॉइंटच्या अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला छापून, प्रत्येक पानावर क्रमांक घालायचा. पुस्तकातूनच वाचायचा आग्रह धरला तर एका हातात माइक, दुसऱ्या हातात मिटू पाहणारं पुस्तक आणि डोक्यावर दिव्याचा झोत अशी अवस्था होते.

मित्रांकडे न्यायची भेट हा वेगळा विषय आहे. स्वतःचं पुस्तक ही भेट धरू नये, ते द्यायचंच असतं. त्यांना हवं असलेलं, तिकडच्या दुकानात न मिळालेलं दुसऱ्याचं पुस्तक फोनवर विचारून घ्यावं. घरात लहान मुलं असतील तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे दोन-तीन अंक घ्यावेत, मुलं त्यांवर खूश असतात.

गुरुवार, १ फेब्रुवारी : जळगाव ते अमळनेर

जळगावला उतरल्यावर स्टेशनातच तोंड धुऊन, पोहे खाऊन अमळनेरची गाडी धरावी. अहमदाबाद आणि सुरतेकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या अमळनेरला थांबतात. या टप्प्यात पाळधी लागतं, मग धरणगाव. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९० रोजी धरणगावचा. जळगावात १९०७ साली भरलेल्या कविसंमेलनात अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी सतरा वर्षांच्या त्या मुलाची कविता ऐकून त्याला ‘बालकवी’ म्हटलं, आणि पुढे महाराष्ट्राने तेच नाव धरलं. साहित्यिक मेळाव्यातून नक्की काय निघतं असं कुणी विचारलं तर या एका गोष्टीवर खूप काही सांगता येईल.

अमळनेरला उतरल्यावर आधी प्रदर्शनाचा मांडव, मग मित्राचं घर. खोकी घेऊन घरी गेलं की ती पुन्हा रिक्षात घालावी लागतात, आणि दुपारनंतर मांडवाच्या वाटेवर गाड्यांची गर्दी होते. संमेलन प्रताप महाविद्यालयाच्या आवारात, साने गुरुजी साहित्यनगरीत. यजमान मराठी वाङ्मय मंडळ. या गावाला संमेलन नवं नाही : १९५२ साली भाषाशास्त्रज्ञ कृ. पां. कुलकर्णी यांच्या अध्यक्षतेखाली ते इथेच भरलं होतं.

प्रकाशकाच्या गाळ्यात पुस्तकं देताना चलन दोन प्रतींत करायचं. त्यात पुस्तकाचं नाव, प्रती, छापील किंमत, वाचकाला द्यायची सवलत आणि लेखकाला मिळायची रक्कम, असे पाच रकाने. गाळ्यावरच्या माणसाची सही आपल्या प्रतीवर घ्यायची. हे न केल्याने रविवारी संध्याकाळी “किती दिल्या होत्या?” या प्रश्नावर चांगली नाती ताणली जातात. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे बिल सरळ असतं.

मैदानातल्या प्रदर्शनाला दोन शत्रू, दव आणि धूळ. खानदेशात फेब्रुवारीच्या सुरुवातीला दुपारी ऊन चटकतं आणि पहाटे शाल लागते. सतरंजीवर ठेवलेलं खोकं सकाळपर्यंत तळाशी ओलसर होतं, पानं लहरतात आणि ती पुन्हा सपाट होत नाहीत. खोकं विटांवर किंवा फळीवर ठेवायचं, रात्री निघताना टेबलावर प्लास्टिक टाकून त्याच्या कडा खाली दाबायच्या. धूळ आधी बसते ती पानांच्या वरच्या कडेवर, म्हणून सकाळी कोरड्या मऊ कुंच्याने तेवढीच कड झाडायची. ओलं फडकं लावलं की डाग पडतो. टेबलावर दहाच्या वर प्रती रचायच्या नाहीत. उंच चळतीतून प्रत काढायला माणूस बिचकतो.

एवढं झालं की दुपार गावासाठी मोकळी. अमळनेर हे बोरी नदीकाठचं तालुक्याचं गाव, पण त्याच्या पोटात बरंच काही आहे. प्रताप शेठांनी १९१६ साली इथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. गिरण्या चालवणाऱ्या माणसाने भारतीय तत्त्वज्ञानाच्या संशोधनाला जागा, ग्रंथालय आणि विद्यावेतन दिलं. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे साने गुरुजी, इथे आले ते या तत्त्वज्ञान मंदिरात शिकायला. मग १९२४ पासून ते गावातल्या शाळेत शिक्षक झाले, वसतिगृहाचं काम पाहू लागले, ‘विद्यार्थी’ नावाचं मासिक काढलं, आणि १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले. पुढे १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली. हे सगळं तीस-चाळीस किलोमीटरच्या परिघात घडलेलं आहे. तत्त्वज्ञान मंदिराला जायचं तर कार्यालयीन वेळेत जावं, आधी चौकशी करावी आणि दप्तर पाहायचं असेल तर नेमकं काय पाहायचं ते लिहून न्यावं. नुसतं “जुनं काही आहे का” असं विचारून काही हाती लागत नाही. आणखी एक : मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना काढला तो अमळनेरातच, आणि आजची विप्रो त्यातून वाढली.

संध्याकाळी मित्राच्या घरी. सातपर्यंत पोचावं, नऊला नव्हे. खानदेशात पाहुण्यासाठी भरीत करायचं ठरलं असेल तर ते काम चारपासून सुरू होतं. भरताची वांगी मोठी, फिकट हिरवी, कमी बियांची; जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. चार जणांना एक किलो वांगं. ती पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायची. गॅसवर साल जळते आणि आतला गर कच्चा राहतो, काड्यांचा जाळ मात्र चारी बाजूंनी लागतो आणि धुराचा वास गरात उतरतो. हिरव्या मिरच्या आणि लसूण त्याच जाळावर भाजून घ्यायचा, सोललेला गर लाकडी बडगीत घालून मुसळीने ठेचायचा. मिक्सरमध्ये फिरवला तर त्याचा चिकट लगदा होतो. वरून कांद्याची पात, शेंगदाणे, कोथिंबीर आणि तेलाची फोडणी. सोबत कळण्याची भाकरी, ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची.

स्वयंपाकघराच्या दारात हे बघत बसलं की घरातली थोरली माणसं अहिराणीत बोलू लागतात. कादंबरीकाराला एवढ्या लांबून यायचं खरं कारण मिळतं ते इथे. टिपण करताना सुटे शब्द लिहू नयेत, अख्खं वाक्य लिहावं आणि ते कोण कुणाला म्हणालं तेही. आजी नातवाशी बोलताना वापरते ती क्रियापदं व्याह्याशी बोलताना बदलतात. सुट्या शब्दांची यादी घरी नेऊन पात्रांच्या तोंडी पेरली की अहिराणी वाचकाला पहिल्याच पानावर ते उसनं असल्याचं कळतं. फोनवर ध्वनिमुद्रण करायचं तर आधी विचारायचं, आणि नको म्हणाले तर फोन खिशात.

शुक्रवार, २ फेब्रुवारी : उद्घाटन

सकाळी ग्रंथदिंडी. साध्या चपला, पाण्याची बाटली, टोपी. दिंडीत शाळांची लेझीम पथकं असतात, त्यांच्या मागे राहिलं तर चालणं सावकाश होतं आणि गावकऱ्यांशी बोलता येतं. पालखीच्या पुढे मात्र छायाचित्रांसाठी रेटारेटी असते.

उद्घाटनाची वेळ पत्रिकेत असते त्यापेक्षा उशिराच धरावी. मंत्री, स्वागत, सत्कार यांत दुपार सरते आणि त्याचा धक्का दिवसभराच्या पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाला बसतो. हे सगळ्याच संमेलनांत होतं. मात्र अध्यक्षीय भाषण बसून ऐकावं. यंदाचे अध्यक्ष रवींद्र शोभणे स्वतः कादंबरीकार, तेव्हा आपल्या धंद्याचं काही ऐकायला मिळण्याची ही संधी. भाषणाची छापील पुस्तिका मिळते, ती त्याच दिवशी मागून घ्यावी, दुसऱ्या दिवशी संपलेली असते. अध्यक्ष निवडणुकीऐवजी साहित्य महामंडळाच्या एकमताने ठरवण्याची पद्धत २०१९च्या यवतमाळ संमेलनापासून आली, त्या वेळी अरुणा ढेरे अध्यक्ष झाल्या. निवडणुकीतली पत्रं, फोन आणि गटबाजी त्यामुळे थांबली, आणि ते चांगलंच झालं.

भोजनाची कुपनं प्रतिनिधींच्या ओळखपत्राबरोबर मिळतात. दीड वाजता रांग सर्वांत मोठी असते. बारा वाजता किंवा अडीचनंतर जावं.

शनिवार, ३ फेब्रुवारी : परिसंवाद, वाचन, सह्या

मुख्य दिवस. परिसंवाद दीड तासाचा, वक्ते पाच-सहा, वर अध्यक्षांचा समारोप. कागदावर प्रत्येकाला बारा मिनिटं येतात. प्रत्यक्षात कार्यक्रम चाळीस मिनिटं उशिरा सुरू होतो, सूत्रसंचालक प्रत्येक वक्त्याचा परिचय तीन मिनिटं वाचतो, पहिला वक्ता वीस मिनिटं घेतो, आणि चौथ्यापासून चिठ्ठ्या यायला लागतात. म्हणून परिचय स्वतःच लिहून द्यावा, चार ओळींचा : नाव, गाव, दोन पुस्तकं, सध्याचं काम. तोही छापून, कारण हाताने लिहिलेल्या परिचयात पुस्तकांची नावं चुकीची वाचली जातात. आपला क्रमांक शेवटी असेल तर सहा मिनिटांचा मजकूर वर काढून ठेवावा. घाईघाईत दहा मिनिटांचं वाचन सहा मिनिटांत उरकण्यापेक्षा तो केव्हाही चांगला.

माइकचं तंत्र थोडं शिकून घ्यायला हवं. तोंडापासून चार बोटं अंतर आणि माइक किंचित बाजूला, हनुवटीच्या रेषेत. मराठीत फ, भ, ठ, ध, ख अशी हवेचा झोत सोडणारी अक्षरं पदोपदी येतात. माइक थेट ओठांसमोर धरला तर ‘फार’, ‘भाऊ’, ‘धुरळा’ अशा प्रत्येक शब्दाला ढप् असा आवाज येतो आणि दोन मिनिटांत ऐकणारा वैतागतो. शिट्टी वाजली तर माइक हाताने झाकायचा नाही, त्याने ती वाढते. माइक स्पीकरच्या तोंडापासून दूर न्यायचा आणि ध्वनिव्यवस्थेच्या माणसाकडे बघून खूण करायची. तो माणूस मांडवात सर्वांत कामाचा. कार्यक्रमाआधी त्याला भेटून नाव विचारून दोन वाक्यं बोलून घ्यावीत.

वाचन संपल्यावर लगेच गाळ्याकडे जायचं, कारण विक्री होते ती पुढच्या अर्ध्या तासात. छापील किंमत ३५० आणि सवलत वीस टक्के असेल तर पुस्तक २८० ला पडतं. वाचक तीनशे पुढे करतो, म्हणजे प्रत्येकाला वीस रुपये परत द्यायचे. दहाच्या शंभर नोटा घेऊन आलं तर पन्नास जणांची सोय होते. गर्दीत मोबाइलचं जाळं बसतं, पैसे गेले की नाही हे दोघांनाही कळत नाही आणि मागे रांग थांबते. गाळ्यावर एक वही ठेवावी, अशा वेळी वाचकाचं नाव आणि व्यवहाराचे शेवटचे चार अंक लिहून पुस्तक देऊन टाकावं. साहित्य संमेलनात पुस्तक विकत घ्यायला आलेला माणूस पैसे बुडवत नाही, एवढा विश्वास ठेवायला हरकत नाही.

सहीसाठी साधं बॉलपेन. जेलची शाई गुळगुळीत कागदावर वाळायला वेळ घेते आणि पुस्तक मिटताच समोरच्या पानावर उमटते. सही मुखपृष्ठाच्या आतल्या चकचकीत बाजूवर न करता शीर्षकपानावर करावी. नाव ऐकून लिहू नये, वाचकाला चिठ्ठीवर लिहायला सांगावं. शर्वरी की शार्वरी, वैशाली की विशाली, हे मांडवाच्या गोंगाटात ऐकू येत नाही, आणि चुकलेलं नाव खोडलं की ती प्रत कायमची बिघडली. नावाखाली ‘अमळनेर’ आणि तारीख घालायची. वीस वर्षांनी त्या दोन शब्दांनाच किंमत येते.

विद्यार्थी कवी आपली हस्तलिखितं हातात देतात. मूळ प्रत कधीच घेऊ नये. पत्ता द्यावा, छायाप्रत पोस्टाने पाठवायला सांगावं, आणि आली तर उत्तर द्यावं. पोस्टकार्डभर उत्तरही पुरतं. कविकट्ट्यावर रात्री तासभर बसावं, तिथे तालुक्यातून आलेली माणसं आपल्या बोलीत वाचतात आणि त्यात मधूनच एखादी ओळ अशी येते की पेन काढावं लागतं.

रविवार, ४ फेब्रुवारी : दुसरं संमेलन, हिशेब, जळगाव

याच गावात, ३ आणि ४ तारखेलाच, विद्रोही साहित्य संमेलनही भरलं आहे. त्याला सकाळचे दोन-तीन तास राखून ठेवायचे. विद्रोहीची सुरुवात १९९९ साली धारावीत, बाबूराव बागूल अध्यक्ष. त्याची वैचारिक मुळं मात्र शंभर वर्षं मागे जातात. १८७८ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पहिली ग्रंथकार सभा भरली आणि १८८५च्या दुसऱ्या सभेचं निमंत्रण महात्मा फुले यांनी पत्र लिहून नाकारलं. आजचं अखिल भारतीय संमेलन त्या सभेतून आलं, विद्रोही त्या पत्रातून. कादंबरीकाराने दोन्ही मांडवांत बसावं. एका मांडवात गेलं की दुसऱ्यातले मित्र रुसतील ही भीती अनेकांना वाटते. मित्रांना आधी सांगितलं तर कुणी रुसत नाही, चोरून गेलं तरच बोलणी खावी लागतात.

दुपारी गावातल्या आणि आसपासच्या ग्रंथालयांची माणसं प्रदर्शनात येतात. मान्यताप्राप्त ग्रंथालयांना अनुदानातली खरेदी मार्चअखेर दाखवायची असते, त्यामुळे फेब्रुवारीत त्यांच्याशी बोलणं फळाला येतं. त्यांना बिल ग्रंथालयाच्या नावाने, पुस्तकवार, सवलत वेगळी दाखवून हवं असतं. असं बिल दिलं की पुस्तकाला दाखल क्रमांक पडतो आणि ते कपाटात जातं. नुसती सही करून भेट दिलेली प्रत पुष्कळदा कार्यालयातच पडून राहते. भेट द्यायचीच असेल तर ‘ग्रंथालयास भेट’ असं पत्र सोबत जोडावं.

खुल्या अधिवेशनातले ठराव सुरू झाले की गाळ्यावर परतायचं. समारोपानंतर सगळेच एकदम आवरायला लागतात, टेम्पो मैदानात शिरतात आणि मोजणी राहून जाते. उरलेल्या प्रती, गेलेल्या प्रती, खराब झालेल्या प्रती, असे तीन आकडे चलनाच्या मागे लिहून दोघांच्या सह्या. सोबत आणलेला प्रवासखर्चाचा अर्ज इथेच भरून द्यायचा आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यायची. उरलेली पुस्तकं परत पुण्याला न्यायची नाहीत. जळगावात दोन दिवस आहेत, ती तिथे लागतात. रात्रीच्या गाडीने जळगाव.

सोमवार, ५ फेब्रुवारी : जळगाव, आसोदे

संमेलन रविवारी संपलं की पुष्कळ जण सोमवारी अजिंठ्याला निघतात आणि बंद दरवाजा पाहून परत येतात. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात (आणि वेरूळ मंगळवारी). अजिंठा उद्या.

आजचा दिवस आसोद्याचा आणि जुन्या जळगावचा. बहिणाबाई चौधरींचा जन्म १८८०चा, आसोद्याच्या महाजनांच्या घरातला. लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरी वाड्यात आल्या. ३ डिसेंबर १९५१ला त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी, म्हणजे अमळनेरला ते जुनं संमेलन भरलं त्याच १९५२ साली, त्यांच्या कविता अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आल्या. घरोटं (जातं), चूल, विहीर, कापूस वेचणं यांतून उभी राहिलेली ती भाषा. आसोद्याला जाताना केळीचे बाग, कपाशीचे काढून टाकलेले पट्टे आणि काळी जमीन दिसते. गावात आधी फोन करून ओळखीच्या कुणाला घेऊन जावं. अंगणात उभं राहून छायाचित्रं काढायच्या आधी घरच्यांना विचारावं. इथली लेवा गणबोली आणि अमळनेरची अहिराणी यांतला फरक दोन दिवसांच्या अंतराने ऐकल्यामुळे ठळक जाणवतो, म्हणून हा क्रम असाच ठेवावा.

जळगावहून भुसावळकडे निघालं की पहिलं स्टेशन भादली. ५ मे १९१८ला बालकवी तिथे रेल्वेखाली गेले, अठ्ठावीस वर्षांचेही झाले नव्हते. ज्या शहरात त्यांना नाव मिळालं तिथून हे स्टेशन काही मैलांवर.

संध्याकाळी मित्राच्या घरी बैठक. संमेलनातल्या हजारोंपेक्षा या पंधरा-वीस माणसांत कादंबरीचं खरं बोलणं होतं, पण ते जुळवावं लागतं. वेळ सहा ते साडेसात. खुर्च्या ओळीत न मांडता गोल मांडायच्या, माइक नको. पंधरा मिनिटं वाचन, बाकी चर्चा. यजमानाने दोन वाचकांना पुस्तक आधी वाचायला दिलेलं असावं, नाहीतर चर्चा “तुम्हाला सुचतं कसं” इथून पुढे सरकत नाही. वाचून आलेला माणूस विचारतो की सातव्या प्रकरणात तो भाऊ घरी परत का येत नाही, आणि मग बाकीचेही बोलायला लागतात. लेखकाने उत्तर देण्याची घाई करू नये, आधी दुसऱ्या वाचकाला बोलू द्यावं. चहा चर्चेनंतर. मध्ये आणला की बैठक मोडते. जेवायला किती जण थांबणार ते यजमानिणीला आदल्या दिवशी सांगायचं, आणि संमेलनात भेटलेल्या तीन कवींना ऐनवेळी बरोबर न्यायचं नाही.

मंगळवार, ६ फेब्रुवारी : अजिंठा, पळसखेडे, परत

जळगावहून फर्दापूर साठेक किलोमीटर. आठला निघालं तर वेळेत पोचता येतं. खासगी गाड्या फर्दापूर फाट्याच्या वाहनतळावर थांबतात, तिथून लेण्यांपर्यंतचे चार किलोमीटर बसने जायचं. चित्रं पाहायची ती पहिल्या, दुसऱ्या, सोळाव्या आणि सतराव्या लेण्यात. आत अंधार असतो, डोळे सरावायला पाच मिनिटं द्यावी लागतात, आणि फ्लॅश चालत नाही. कादंबरीकाराला सतरावं लेणं पुरेल : एका भिंतीवर एक गोष्ट पुढे-मागे उलगडत जाते, तेच पात्र चार जागी दिसतं, आणि पाहणाऱ्याला क्रम स्वतः लावावा लागतो.

याच टापूत सोयगाव तालुक्यातलं पळसखेडे, ना. धों. महानोरांचं गाव. शेती आणि कविता दोन्ही एकाच जमिनीत करणारा हा कवी ३ ऑगस्ट २०२३ला गेला, आणि त्यानंतरचं हे पहिलं अखिल भारतीय संमेलन. मराठीतले कितीतरी लेखक त्यांच्या शेतावर येऊन राहून गेले. गावाच्या रस्त्याने जाऊन शिवार पाहावं, घरी जायचं तर आधी कळवूनच. पळसाला फुलं यायला अजून थोडे दिवस असतात.

जळगावला परतून रात्रीची गाडी. पुण्यात पोचल्यावर पहिल्या आठवड्यात तीन कामं : ज्यांच्या घरी राहिलो त्यांना फोन, त्यातही स्वयंपाक करणाऱ्या बाईंशी वेगळं बोलणं; गाळ्यावरच्या वहीतल्या अडकलेल्या व्यवहारांची बँकेच्या नोंदीशी ताडणी; आणि ज्या वाचकांना पुस्तक पाठवतो म्हणून सांगितलं त्यांची पाकिटं पोस्टात. टिपणं मात्र त्याआधी, गाडीतच, लख्ख आठवत असताना उतरवून काढावीत. मनमाड येईपर्यंत जेवढी होतील तेवढी.